भांगाचं पाणी

वकिलांनी फोनवर निकाल वाचला.
म्हणजे, निकाल नाही, असं वाचलं.
"अपील दाखल करून घेतलं होतं खरं,
पण दोन्ही बाजू ऐकल्यावर न्यायालयास वाटते
की ते दाखल करून घ्यायला नको होते."
सव्वा पान. खाली सही-शिक्का.

दाखल झालं त्या दिवशी
मथुराबाई कुबलांनी देवगडच्या स्टँडवर
अर्धा किलो पेढे घेतले होते,
कंडक्टरलाही दिला एक.
वरच्या कोर्टानं आपला कागद हातात घेतला
म्हणजे कागदात काहीतरी असणार,
असा त्यांचा हिशोब.
मी वकिलांचा कारकून, माझाही तोच.
सहा वर्षं पुरवला आम्ही तो हिशोब.

प्रश्न एका ओळीचा होता:
खाडीतल्या खडपावरची कालवं कुणाची?
सुकतीला वाकून फोडणाऱ्या बायांची,
की त्याच खडपाला गट नंबर पाडून
कोळंबीवाल्याला भाड्यानं देणाऱ्याची?
मामलेदारानं एक सांगितलं, जिल्ह्यानं दुसरं.
वरच्यांनी प्रश्न उचलला,
उलटासुलटा केला,
आणि गिऱ्हाइकानं कल्ले उघडून पाहून
सुरमई परत पाटीत टाकावी
तसा टाकला.
भावसुद्धा विचारला नाही.

"जिकलंव काय हरलंव?"
मथुराबाई नव्या कोयत्याला धार लावत होत्या.
मी म्हटलं, दोन्ही नाही.
"मगे तार कोण काढतलो?"
तार.
ती माझ्या लक्षातच नव्हती.
वर काही ठरलं नाही म्हणजे खालचं ठरलेलं तसंच,
आणि खालच्यात कुंपण आहे.

शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती,
ती मी वकिलांकडून दोनदा वाचून घेतली:
"कायद्याचा मुद्दा योग्य प्रकरणात
विचारात घेण्यासाठी खुला ठेवण्यात येत आहे."
शेवंती मेली, अमिना होडेकर मेली,
त्यांचे वारस लावण्यात आमच्या चार तारखा गेल्या.
योग्य प्रकरण याहून कसं दिसतं
ते त्या सव्वा पानात नव्हतं.

कपाटात दोन कप्पे आहेत,
चालू आणि निकाली.
फाईल घेऊन मी बराच वेळ उभा होतो.

मथुराबाईंना पेच पडला नाही.
त्या दिवशी अष्टमी होती,
खाडी खडपाच्या कमरेला लागून थांबलेली.
"भांगाचा पाणी ह्या," त्या म्हणाल्या,
"धड भरणा नाय, धड सुकणा नाय."
मग कोयता पदराला पुसला,
पातं अंगठ्यावर पाहिलं.
"आणि माझ्या सासूचो कोयतो?
तो तरी गावतलो परत?"

निशाणी चौदा.
वहिवाटीचा पुरावा म्हणून आम्हीच दिलेला,
मुठीला तिच्या चार बोटांचे खळगे पडलेला,
जिल्हा कोर्टाच्या मुद्देमालात, गोणपाटात.

मिळेल, मी म्हटलं.
त्याला वेगळा अर्ज लागतो.