टिकेल ना?

पुंता अरेनासला वारा विचारून येत नाही.
दिवसातून चारदा दुकानाचं दार आपटतो
आणि चारही वेळा मी मान वर करते,
गिऱ्हाईक असेल म्हणून.

गठ्ठे उत्तरेकडून येतात, जहाजाने,
लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले.
पट्टी तोडली की कपडे सुस्कारा सोडतात.
डांबरगोळ्या, अनोळखी साबण,
कुणाच्या तरी गॅरेजमधलं ग्रीस.
झगे आणि पोरांचे स्वेटर बहिणीकडे ढकलते,
पुरुषांची जॅकेटं माझी.
उलटी करून शिवणी बघते,
कोपरं उजेडासमोर धरते,
चेन वर-खाली, वर-खाली,
मग खिशात हात, अगदी तळापर्यंत.
एकदा खिळा निघाला,
एकदा गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचा परवाना,
एकदा दुधाचा दात, कागदात गुंडाळलेला.
तो परत तिथेच ठेवला. जॅकेटबरोबर गेला.

पुरुष येतात आणि एकच विचारतात,
"टिकेल ना?"
मेंढ्या कातरणारे, गोदीतले, वेल्डर,
खेकड्यांच्या बोटींवरून उतरलेले, अजून पाय लटपटणारे.
कापड चिमटीत धरून ओढतात,
बटण दाताने चावल्यासारखं करतात.
रंगाबद्दल अवाक्षर नाही.
पण उचललेलं काळं खाली ठेवतात
आणि कॉर्डरॉयच्या कॉलरचं तपकिरी
हातात आपसूक येतं.
बावीस वर्षं दुकान चालवतेय.
'टिकेल ना' म्हणजे काय, मला विचारा.

निबाल्दो कार्कामो तीनदा आला.
पहिल्यांदा म्हणाला, कुंपणाच्या कामाला हवं.
दुसऱ्यांदा, बोटीवर जायचंय.
तिसऱ्यांदा काहीच न बोलता थेट त्या खुंटीपाशी गेला.
जाड कॅनव्हास, खांद्यांवर दुहेरी,
डाव्या कोपराला ठिगळ,
कुणीतरी जीव लावून घातलेलं, मुंगीच्या पावलांएवढे टाके.
कॉलरच्या आत शाईने नाव: वेंडेल.
कोण, कुठला, देव जाणे.

आरसा पडद्यामागे आहे, मी म्हटलं.
"आरसा कशाला? अंगात बसलं म्हणजे झालं."
आणि पैसे न देताच बाहेर गेला,
रस्त्यापलीकडे पावाची गाडी उभी होती, तिच्या काचेसमोर.
आधी समोरून.
मग चोरून, बाजूने.
पोट आत.

तिकडे करमुक्त बाजारात नवी मिळतात,
कारखान्यातच झिजवलेली,
फाटायच्या आधी फाडलेली.
माझा भाचा तीच घेतो.
कधी फावडं न धरलेला हात
त्या खोट्या डागावर ठेवून फोटो काढतो.
मी हसायची. आता नाही हसत.
त्यालाही तेच हवंय ना,
की जगाने आपल्याला जरा घासलंय
आणि तरी आपण बरे दिसतो.

माझ्या रेनेरियोला मी सत्तावीस हिवाळे विचारलं,
ऊब आहे ना? मानेला टोचत नाही ना?
आणखी काही म्हणायचं असतं
हे सुचलंच नाही.
तो दारात क्षणभर थांबायचा, जॅकेट चढवून.
मला वाटायचं, किल्ली शोधतोय.

निबाल्दो आत आला, गाल तांबडे, डोळ्यांत पाणी.
वाऱ्याचंच असणार.
"टिकेल ना?"
"शोभतं तुला," मी म्हटलं.
नोटा मोजताना तो दोनदा चुकला.
तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा
"टिकेल की," म्हणून टाकलं,
त्याची सुटका व्हावी म्हणून.

बाहेर माणसं चौकातला दोर धरून चालली होती,
टोप्या छातीशी कवटाळून.
तो दोर न धरता गेला,
जरा तिरका, पण ताठ.
आत चौकड्यांचा शर्ट होता, कडक इस्त्रीचा.
तो दिसावा म्हणून
एवढ्या वाऱ्यात त्याने
चेन लावली नव्हती.