पाणी सोडणं

रात्री साडेदहाला हॉल रिकामा होतो
आणि मी यंत्र बाहेर काढतो.
पुढे पातं, मागे ओलं फडकं,
पोटात साठ अंशांचं पाणी.
बर्फावर गरम पाणीच का सोडतात,
हे चुनचॉनमध्ये मला आजवर कुणी विचारलं नाही.
विचारलं तर सांगेन :
गार पाणी ओरखड्यावर नुसतं बसून राहतं,
गरम पाणी आत उतरतं, त्याच्या कडा सैल करतं,
मग दोघं मिळून गोठतात.

एकोणीस वर्षं पुसतोय दुसऱ्यांच्या पोरांच्या खुणा.
त्यातली दहा वर्षं माझ्या पोरीच्याही.
बोमीची खूण ओळखू यायची.
वळणावर सगळ्यांच्या रेषा बाहेर फेकल्या जातात,
हिची आत, काळ्या रबरी ठोकळ्याला घासून,
आणि शेजारी डाव्या हाताच्या बोटांचे
चार बारीक चरे,
मांजरीनं दार उघडा म्हणावं तसे.

मार्चमधल्या एका मंगळवारी
मुळ्याच्या सुपात चमचा फिरवत ती म्हणाली,
"बाबा, आता बस."

निवड चाचणीत चौथी आली होती. घेतात तिघींना.
फरक सात शतांश सेकंदाचा.
ते कारण नाही, म्हणाली.
असतं तर बरं झालं असतं, आम्हाला
भांडायला कुणीतरी मिळालं असतं.
"मी सतरा वर्षांची आहे
आणि मला अपूर्णांकांचा भागाकार येत नाही.
वर्गात मी झोपते, आणि सर मला उठवतही नाहीत."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू?
नव्या ब्लेडचे पैसे वाचले.
मग लाज वाटली.
तिची आई खिडकी लावायला उठली.
खिडकी लावलेलीच होती.

ग्वाक सर आले, संत्र्यांची पेटी घेऊन.
दारातच म्हणाले,
"दहा वर्षांवर असं पाणी सोडू देता तुम्ही?"
मी म्हटलं, सर, माझा धंदाच तो आहे.
कुणी हसलं नाही.
आतल्या खोलीतून बोमी हसली, एकटी,
आणि मग बराच वेळ तिचा आवाज आला नाही.

आता ती औषधांच्या दुकानावरच्या अभ्यासिकेत बसते,
सातवीच्या गणितावर
कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालून.
शेजारची मुलं डॉक्टर व्हायच्या घाईत.
खुर्चीत ती डावीकडे कलते.
इतकी वर्षं एकाच बाजूला वळली,
उजवी मांडी डावीपेक्षा दोन बोटं जाड,
शिंपी म्हणतो, हिचा स्कर्ट सरळ बसणं कठीण.
साडेतेरा उदाहरणं झाल्याशिवाय उठत नाही.
पंधराशे मीटरच्या तेवढ्याच फेऱ्या.
अर्धं उदाहरण कसं सोडवतेस, विचारलं,
तर म्हणाली, "रेष ओलांडेपर्यंत."

एकदा धीर करून विचारलं, आठवण येते का?
वाटलं, बर्फाची म्हणेल, गर्दीची म्हणेल.
"झोपेची येते," म्हणाली.
"पहाटे चारला उठायचं म्हणून
रात्री आठला यायची ना, ती.
आता येतच नाही."

शेवटच्या दिवशी काही खास झालं नाही.
कपाट रिकामं केलं, किल्ली माझ्याच हातात दिली,
पावतीवर माझीच सही.
रात्री त्या वळणाशी यंत्र थांबवलं.
दिव्याच्या तिरप्या उजेडात चार चरे होते,
काठाशी पांढरी भुकटी अजून ताजी.
पहाटे साडेपाचला हॉकीची पोरं येतात,
एखादं पडलं तर नोकरी जाईल.
मग सोडलं पाणी.
हात जरा जास्तच वेळ राहिला मुठीवर.

तिथं अजून एक उंचवटा आहे, नखाएवढा.
हॉकीवाल्यांची तक्रार आली.
खरवडतो म्हणालोय.