औषधालाही

मार्चचा दुसरा आठवडा. तळं अजून टणक.
ताइस्तो ह्युत्तिनेन दारातच बूट झटकतो,
आणि मग पिशवी काउंटरवर ठेवतो,
पारदर्शक, फोनवर सांगितली होती तशीच.
"हेल्वीची," म्हणतो. एवढंच.

नियम माझ्या तोंडातून आपोआप येतात:
पुठ्ठ्याची खोकी रद्दीत,
गोळ्या पाकिटातच राहू द्या, सोलत बसू नका,
पाऱ्याचा थर्मामीटर असला तर निराळा,
आयोडीन निराळं,
आणि नाव खोडून आणायचं.

त्यानं खोडलंय.
बॉलपेननं, उभं-आडवं,
कुठे कुठे कागद फाटेपर्यंत.
एका बाटलीवरचं तेवढं राहून गेलंय.
हेल्वी ह्युत्तिनेन. रात्री एक चमचा. जेवणानंतर.
चिठ्ठी मीच छापलेली, सप्टेंबरात.

माझा बाप उरलेल्या गोळ्या सॉनाच्या भट्टीत टाकायचा,
आई संडासात.
गेलं म्हणजे गेलं, असं दोघांनाही वाटे.
गेलं म्हणजे कुठे, हे तेव्हा कोण विचारतो?
पाइपाचं दुसरं टोक तळ्यातच उघडायचं,
आणि तळ्यातल्या माशांना
ना रक्तदाब होता, ना सांधेदुखी,
ना झोप येत नाही अशी कसली तक्रार.

मोजायचं नसतं. मी मोजत नाही.
पण एकवीस वर्षं इथे उभं राहिल्यावर
डोळे परस्पर मोजतात.
हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट, मागे वार छापलेले:
सोम, मंगळ, बुध फोडलेले,
गुरुवारपासून पुढे एकही नाही.
ते पाकीट नोव्हेंबरचं.
डिसेंबरचं खोकं उघडलेलंसुद्धा नाही.
जानेवारीचंही नाही.

दोन्ही त्यानंच नेली होती,
अकरा किलोमीटर, उणे अठ्ठावीसमध्ये,
भुवयांवर बर्फ घेऊन आला होता,
आणि मी म्हणाले होते, गुण येईल हो.

आता मी काही बोलत नाही.
तोच बोलतो, टोपीकडे बघत.
"एप्रनच्या खिशात टाकायची. मी बघितलं होतं."
बऱ्याच वेळानं:
"तिला वाटायचं, मला माहीत नाही.
म्हणायची, जा, संपत आल्यात, घेऊन ये.
तेवढंच तुझं बाहेर पडणं होतं, माणसं दिसतात.
मग मी आणत राहिलो."

एखादी गोष्ट संपली, की म्हणायचं
औषधालाही उरली नाही.
ह्युत्तिनेनच्या घरी उलटं झालं.
बाकी सगळं सरलं,
औषधच तेवढं उरलं, पिशवीभर,
एक किलो दोनशे ग्रॅम.
वजन करायचं असतं, ते मी करते.

मंगळवारी दक्षिणेकडची गाडी येईल.
पेटी बंदच जाईल, बंदच जळेल,
मोठ्या आगीत, जिथून तळ्याकडे
एक थेंबही परत येत नाही.
हे मी त्याला सांगते.
मासेमारी करणारा माणूस आहे, मान हलवतो.
"बरं झालं," म्हणतो. "पर्च अजून चांगली लागते."

बाटलीवरची चिठ्ठी मी नखानं उचलते.
सबंध निघत नाही.
'रात्री एक चमचा' काचेलाच चिकटून राहतं,
नाव माझ्या बोटावर येतं,
ते रद्दीत टाकायचं असतं,
टाकते.

तो अजून उभाच.
फळीवर नवसागराच्या काळ्या गोळ्यांची डबी आहे,
खारट, जिभेला चावणाऱ्या,
आमच्याकडे औषधाच्या दुकानातच मिळतात,
आजारी नसलेल्यांना.
एक डबी मागतो. सुटे पैसे मोजून देतो.

"पुढच्या महिन्यात येईन."
"कशासाठी?" मी विचारते, सवयीनं.
"बघू. काहीतरी संपेलच."