एकाच थराचा काळा

टेडा यान्सन गाडी घेऊन आली तेव्हा
ती काळी आहे हे कागदपत्रांवरूनच कळलं.
बोनेट राखाडी, छत धुरकट,
दारांवर निवलेल्या दुधासारखी पांढुरकी साय.
अडुसष्ट सालची मर्सिडीज, डिझेल, लेअर गावची टॅक्सी.
छतावर पाटीची दोन भोकं, बुजवलेली, तरी दिसणारी.

"एकाहत्तरात हुकूम निघाला," ती म्हणाली,
"टॅक्सीचा रंग हस्तिदंतीच हवा.
ओन्नोनं कामाला दुसरी घेतली.
म्हणाला, ही काळीच राहील."

राहिली. म्हणजे, तशी.

मी दिवा तिरपा धरला
आणि उमटली ती जाळी,
केसाहून बारीक हजारो वर्तुळं, एकात एक,
कुठलंही पुरं न झालेलं.
"कोण पुसायचं हिला?"
"तोच. दर शनिवारी, कोरड्या कातड्यानं. पन्नास वर्षं."
न धुता कोरडं कातडं फिरवलं
की धुळीचीच कानस होते,
पण नवऱ्याला जाऊन वर्ष न झालेल्या बाईला
हे कसं सांगायचं?
मी म्हटलं, "फार जपलेली दिसते."

आधी धुतली. मग मातीची वडी फिरवली
बोटांना रेल्वेपुलाचं लोखंड लागेनासं होईपर्यंत.
मग मलम, वाटाण्याएवढं,
आणि यंत्र हळू, अगदी हळू,
झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरावं तसं.
फडकं उलटलं तर काळंकुट्ट.

टेडा दचकली. "एवढा मळ?"
"मळ नाही, रंग आहे.
आताच्या गाड्यांवर असतो तसा पारदर्शक थर
हिच्यावर नाही.
हिचा काळा वरपासून अस्तरापर्यंत एकच.
वरचा मेलेला पापुद्रा निघाला की खालचा जिवंत."
ती थोडा वेळ गप्प.
"म्हणजे तुम्ही गाडीच काढताय, थोडी थोडी."
"हो."
झिजल्यावाचून झिलई कुठली?

दुपारी तिनं चहा ओतला आमच्या इकडच्या रीतीनं,
आधी खडीसाखर, ती तडकल्याचा आवाज ऐकायचा,
मग साय, कडेनं सोडलेली, न ढवळता.
कपात ढग वर आला.
तेवढ्यात मडगार्डवरही एक आला, एम्स नदीवरचा,
आणि तो पत्र्यावर थांबला नाही,
आत उतरला.
मी ह्याचीच वाट बघत होते.
चकचकीत कुणीही करतं, तेल चोपडूनसुद्धा.
नजर टेकायला जाते आणि टेकत नाही,
पाऊल चुकल्यासारखं पोटात होतं,
तेव्हा काळा परत आला म्हणायचं.

ड्रायव्हरच्या दाराशी मात्र अडले.
मुठीखाली पाच-सात आडवे ओरखडे, खोल.
बाकी दारावर मोजयंत्र शंभराच्या वर दाखवत होतं,
इथं अठ्ठावन्न मायक्रॉन.
"इथं नाही जमणार. खाली अस्तर लागेल."
ती वाकली, बोट फिरवलं.
"अंगठी. काढायचाच नाही. मी ओरडायचे."
मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं केलंत, ठेवलंत ते."

मी ठेवलं नव्हतं.
रंग पुरला नाही, एवढंच.

तिसऱ्या संध्याकाळी मेण चढवून
गाडी अंगणात काढली.
बोनेटमध्ये पन्हळ, अँटेना, समुद्रपक्ष्याचं पोट,
आणि टेडा, केस सावरणारी.
पन्हळीतून एक थेंब पडला, बरोबर मधोमध.
तिनं बाही तळव्यावर ओढली
आणि पुसला.
गोल.

माझा हात वर गेला होता. खाली घेतला.

ती पाकिटातून नोटा मोजत होती.
दिव्याच्या तिरप्या उजेडात
काळ्यावर केसाएवढी एक कड,
ताजी, अर्धवट.
मी दिवा बंद केला
आणि म्हटलं, हिशेब बरोबर आहे.