हातात काय होतं

बेगायीम, कुलूप गोठलं असेल तर
त्यावर फुंकर घालायला जाऊ नकोस, ओठ चिकटतात.
किल्ली मुठीत धर. थोडा वेळ लागतो.
शेगडी डाव्या अंगानं धूर ओकते,
गोवऱ्या मागच्या पडवीत,
आणि फळ्याखाली चहाचा पत्र्याचा डबा आहे.
तो लगेच उघडू नकोस.
आधी मी काय चुकले ते ऐक.

नारिन नदीच्या वरच्या अंगाला ही शाळा.
मी आले तेव्हा माझ्याकडे यादी होती,
शिक्का मारलेली: आठवड्याला वीस शब्द,
सोमवारी पाठ, शनिवारी परीक्षा.
मुलं घोकायची, लिहायची,
आणि घरी पोचेपर्यंत
दप्तरात एकही उरायचा नाही.

ओरोझबेक तर सगळ्यालाच 'भारी' म्हणायचा.
बर्फ भारी, रस्सा भारी,
आजोबांची मयत, तीही भारी झाली बाई, घोडा कापला.
मी फळ्यावर 'भारी' लिहिलं
आणि त्यावर आडवी काट मारली. आजपासून बंदी.
नऊ दिवस तो बोललाच नाही.
पहिले तीन दिवस मला वाटलं, जिंकले.

दहाव्या दिवशी वाटेत जनावर आडवं आलं.
म्हटलं, बाजूला घे रे तुझा घोडा.
तो हसला, इतका की टोपी पडली.
"घोडा कुठला बाई, कुनान आहे हा!
दूध पितो तोवर कुलून,
वर्ष सरलं की ताय,
मग कुनान."
आणि सुटलाच. चालींची नावं,
पायावरच्या पांढऱ्याची नावं,
लगामाच्या एका कडीचं नाव,
जी कडी मला तोवर दिसलीच नव्हती.
मी हातमोज्यावर खडूनं लिहून घेत होते.
माझ्या यादीत घोड्याला एकच शब्द होता.

त्या रात्री डबा रिकामा केला.
नियम असा, की शब्द घरून आणायचा, उसना.
चिठ्ठीवर तीन ओळी:
शब्द.
कोणाच्या तोंडचा.
बोलताना त्यांच्या हातात काय होतं.

तिसरी ओळ कशाला, विचारशील.
मलाही नीट सांगता येत नाही.
पण तुर्दुबाय लोहाराचा शब्द कुणी विसरत नाही,
कारण तेव्हा त्याच्या दातांत चार खिळे होते
आणि शब्द त्यांच्या फटीतून शिट्टीसारखा आला.
'धीर' तीन घरांतून आला:
एकदा सुई, एकदा अडलेली मेंढी,
एकदा नुसतं विजेचं बिल.
यादीतलेही येऊ लागले मग, आपल्या पायांनी.
'अनुदान' कुणी तरी गोवऱ्या रचता रचता
दात ओठ खात उच्चारलं होतं.
शिव्याही येतील. फेकू नकोस,
त्यांना वेगळं रबर लाव.

सगळ्यात वर सायरागुलची चिठ्ठी, निळ्या शाईची.
तिची आई मॉस्कोत, कुठल्याशा गोदामात.
शब्द: बहुतेक.
कोणाच्या तोंडचा: आईच्या, फोनवर.
हातात काय होतं: दिसलं नाही, तिनं कॅमेरा बंद ठेवला होता.
मी दहापैकी दहा दिले, मग खोडले.
असल्याला गुण देत नाहीत.
खोडल्याची खूण आहे अजून. तिला काही विचारू नकोस.

ओरोझबेक आता सातवीत.
'भारी' म्हणतो अजून, पण दिवसातून एकदाच,
आणि त्याआधी जरा थांबतो,
खिशात नाणं चाचपल्यासारखा.

पहिल्या दिवशी काही शिकवू नकोस.
मुलं शेगडीशी हात शेकत बसतील.
एखादी वस्तू उचल, तिचं चुकीचं नाव घे.
मुद्दाम चुकायची गरज नाही,
तू बिश्केकची, आपोआप चुकशील.
सगळी एकदम ओरडतील.
ओरडू दे.

किल्ली एव्हाना गरम झाली असेल.