इल्ली बा

खानापुरातनं विषाची निळी वडी आणली होती मी.
उंदरानं अर्धी खाल्ली,
आणि भर दुपारी डुलत डुलत
खुराड्यापुढं आला, दारू प्यायल्यासारखा.
तांबडीनं त्याला टिपलं,
दोनदा आपटलं, गिळून टाकलं.
सांजेला ती मान टाकून बसली.
सकाळी तिच्या खालचं अंडं गार होतं.

उरलेल्या वड्या खोल पुरल्या. वर दगड.

मोनाप्पा सुतार म्हणाला,
कित्तूरकडं निंगव्वाच्या भातगिरणीत
मांजरं व्यालीत, दोन उचलून आण.
पण पंधरा दिवस कोंडून ठेव गं,
नायतर चालत गिरणी गाठतील.

येताना कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय?
मी म्हटलं, भोपळा.
पारिश्वाडाच्या वळणावर भोपळा ओरडला.
सगळी बस हसली.
त्यानं तिकीट फाडलं नाही, हे त्याचं मोठेपण.

करडं पहिल्याच रात्री कौल सरकवून गेलं.
राहिली ती तिरंगी, एका कानाला खाच असलेली.
ये गं, ये गं मने, करून घसा बसला माझा.
जळणाच्या मागं दोन दिवे नुसते,
हलायचं नाव नाही.

मग बसव्वा आली विळा मागायला.
बैलहोंगलची पोर, आमच्या वाड्यात सून म्हणून आलेली.
वाकून म्हणाली, बा, इल्ली बा.
आणि शेपूट उभी करून
महाराणी बाहेर!
मी कपाळावर हात मारला.
बसव्वा म्हणाली, अत्ती, इली म्हणजे उंदीर,
इल्ली म्हणजे इथं.
एका ल चा तर फरक.
मांजराला तो कळतोय, मला कळायला चाळीस वर्षं गेली.

काळीनं तिच्या नाकावर एकच चोच मारली.
तेवढ्यात ठरलं सगळं.
तेव्हापासनं ती कोंबड्यांना वळसा घालून जाते,
सासरच्या मोठ्या माणसाला घालावा तसा.

आता रोज उंबऱ्यावर हिशोब मांडलेला असतो.
एक शेपूट.
एक पित्ताची हिरवी पिशवी, ती कधी खात नाही.
सुगीत तर एका सकाळी तीन मुंडकी, ओळीनं.
उपाशी मांजर जास्त धरतं म्हणतात, खोटं.
मी सांजेला दूध-भाकरी घालते.
भरल्या पोटाची ती
बिळापुढं अर्धी रात्र बसते,
उपाशी असती तर शेजारणीच्या चुलीपाशी गेली असती.

आणि आषाढात
अकरा पिलांची दहा झाली.

पिसं कणगीमागं सापडली, पिवळी,
अजून मऊ.
तुकाप्पा म्हणाला, चटक लागली हिला,
पोत्यात घाल, मलप्रभेपलीकडं सोड.
पोतं तेच होतं. भोपळ्याचं.
तोंड उघडून उभी राहिले मी,
आणि ती आपणहून आत जाऊन बसली,
अंग चाटत.

तिथंच दारात बसून मोजत राहिले.
ती यायच्या आधी
महिन्याला खाद्याचं सव्वा पोतं कुणी खाल्लं?
नऊ अंडी कुणी लोळवत नेली?
झोपलेल्या काळीच्या पायाचं बोट
कुणी कुरतडलं रात्रभर,
आणि ती बिचारी अंधारात आंधळी, हलली नाही?

डालं त्या दिवशी पुरतं पालथं घातलं नव्हतं मी.
एका बाजूला वीट होती, वारा लागावा म्हणून.
चूक डाल्याची.
डालं माझं.

पोतं झटकून वाळत घातलं.
पिलांवर आता जाळी, तीन महिने.
तुकाप्पा अजून मान हलवतो.

सांजेला हाक मारते, इल्ली बा,
तर आधी कोंबड्याच धावत येतात सगळ्या,
दाणे समजून.
ती शेवटी येते, कुंपणाच्या कडेकडेनं,
मी दुसऱ्याच कुणाला बोलावलं असावं तशी.

मोनाप्पानं दाराला खाली भोक पाडून दिलंय,
मांजराच्या खांद्याएवढं.
पैसे नको म्हणाला, एक अंडं दे.
मी दोन दिली.
एक तिच्याकडनं.