अकरावी बादली

फिलोमिनाबाय म्हणते,
"म्हयन्याक किती येतला, ता आधी सांग."
बावीस वर्षं वेंगुर्ल्यात मीटर वाचले मी.
झालेलं बिल सांगायचो, होणारं नाही.

पाहुण्यांच्या दोन खोल्या, दहा बादल्या,
विहिरीचं पाणी पंचविसावरून पंचावन्न अंशांवर.
गिझरला सात युनिटं.
हा हीट पंप दोनच घेतो,
उरलेली पाच हवेतून उपसतो,
ज्या उकाड्यात आपण बनियन पिळतो
त्याच हवेतून, फुकट.
नवाचा दर धरला, अठरा रुपये रोज.

मग खाडाखोड.
आषाढात खोल्या रिकाम्या.
लाइट गेली की टाकी निवणार.
आणि खारा वारा. चार वर्षांत जाळी खाईल,
तो कुठल्या रकान्यात मांडू?

"माझी बादली धरू नको हां,"
जवळ्यातले खडे वेचता वेचता ती,
"माका थंडच बरा."
उठताना मात्र खांबाला धरून उठली,
गुडघ्यांना निलगिरीच्या तेलाचा वास.

मी कागद उलटला.
दहाच्या अकरा केल्या.
रोजचे एक रुपया ऐंशी पैसे जास्त.

तिला नुसती बेरीज वाचून दाखवली.